कॅरव्हॅनचं टॉयलेट हिवाळ्यासाठी बंद करताना

काल दुपारी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं आमचं चाकांवरचं छोटं घर, हिवाळाभर ठेवायच्या यार्डात नेऊन लावली, आता मार्चपर्यंत ती तिथेच. गॅस बंद केला, बॅटरी काढून घरी आणली, गाद्या भिंतीपासून सुट्या करून उभ्या ठेवल्या, हे सगळं दीड-दोन तासात उरकलं पण टॉयलेटला मात्र मी पूर्ण दोन दिवस दिले आणि दर वर्षी देते. आमच्या ग्रुपमधल्या दोन-तीन जणींनी यंदा पहिल्यांदाच कॅरव्हॅन घेतलीय आणि त्या सारखं विचारतायत की टॉयलेटचं नक्की काय करायचं, नुसतं रिकामं करून ठेवलं तर चालेल का. नाही चालत. म्हणून एकदा नीट सगळं लिहूनच काढते.

आम्ही इंग्लंडमध्ये बेव्हर्लीला राहतो, यॉर्कशरच्या पूर्वेला, हल शहराच्या जवळ. २०२१ मध्ये स्विफ्ट कंपनीची सेकंडहँड कॅरव्हॅन घेतली, म्हणजे आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर कॉटिंगहॅमला बनलेलीच गाडी फिरून आमच्या दारात आली. इथलं पाणी जड आहे, आजूबाजूचे डोंगर सगळे खडूच्या दगडाचे त्यामुळे किटलीत, शॉवरला, सगळीकडे पांढरी पुटं धरतात. हे मुद्दाम सांगतेय कारण टॉयलेटच्या बाबतीत ह्या पुटांचा फार संबंध आहे, पुढे येईलच.

ज्यांनी आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी, कॅरव्हॅनमध्ये बहुतेक वेळा कॅसेट टॉयलेट असतं, आमचं थेटफर्ड कंपनीचं आहे. वर भांडं, भांड्याच्या खाली एक चपटी टाकी, तिलाच कॅसेट म्हणतात, साधारण १८ लिटरची, आणि ती बाहेरच्या बाजूने एका छोट्या दारातून सुटकेससारखी ओढून काढता येते. भांडं आणि कॅसेट ह्यांच्यामध्ये एक सरकती चकती असते, तिला ब्लेड म्हणतात, आणि त्या ब्लेडला घट्ट धरून बसणारं गोल रबर म्हणजे लिप सील. फ्लशच्या पाण्याची टाकी वेगळी, त्यात छोटासा १२ व्होल्टचा पंप. बस एवढंच. खरं तर ह्या सगळ्यात जीव आहे तो त्या रबरात आणि त्या पंपात, बाकी सगळं प्लास्टिक आहे, त्याला फारसं काही होत नाही.

आणि दोन्ही गोष्टी मी पहिल्याच मोठ्या थंडीत घालवून बसले होते.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही शेवटची ट्रिप व्हिटबीला केली, परत येताना मुलीला ताप, घरी येऊन दुसऱ्या दिवशी ऑफिस, त्या गडबडीत कॅसेट रिकामी केली, दोनदा पाण्याने हिसळली, परत जागेवर सरकवली, ब्लेड बंद, झाकण बंद, आणि यार्डात सोडून आलो. फ्लशच्या टाकीत पाणी किती राहिलंय हे मी बघितलंच नाही. त्या डिसेंबरात दुसऱ्या आठवड्यात इथे कशी थंडी पडली होती ते इथल्या लोकांना आठवत असेल, दिवसासुद्धा शून्याच्या वर जायला तयार नव्हतं. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण ९ टक्के फुगतं आणि बंद जागेत ते फुगणार कुठे, तर पंपाच्या अंगात. मार्चमध्ये मी बटण दाबलं तर नुसतीच घरघर, पाणी नाही. पंप बाहेर काढून उजेडात धरला तेव्हा त्याच्या कडेला केसाएवढी चीर दिसली, बोटाने चाचपली तर कळणारही नाही इतकी बारीक, पण नख फिरवलं की अडकायचं.

लिप सीलचं तर त्याहून वाईट. पाच महिने ब्लेड त्या रबरावर दाबून बसलेलं, वर जड पाण्याची पुटं, ते चिकटूनच गेलं होतं. मी जोर लावून ब्लेड फिरवलं आणि रबराची एक कड उचकटून वर आली. तरी तशीच वापरली पहिल्या ट्रिपला कारण वाटलं बसेल आपोआप, आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट बाहेर काढताना हातावर, बुटावर, गवतावर... पुढचं सांगत नाही. त्या दिवशी मी कॅम्पिंगच्या साइटच्या नळाखाली हात धुताना रडले होते खरं तर. नवऱ्याने काही न बोलता बादली आणली आणि गवत धुतलं.

त्यानंतरच्या वर्षी सप्टेंबरात नाना, म्हणजे माझे सासरे, सहा महिन्यांसाठी इथे आले. नाना वाईचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे रबर, वॉशर, पॅकिंग ह्या गोष्टी त्यांना हाताने कळतात. मी अंगणात कॅसेट धुवायला घेतली तर ते खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले आणि दोन मिनिटांत उठून म्हणाले, "दे इकडे, तू पाणी ओत." मी म्हटलं, "नाना, तुम्ही नका हो हात लावू, मी करते ना." तर म्हणाले, "अगं त्यात काय, आपलंच आहे ना सगळं?" आणि बाह्या सरसावून कॅसेट पुढ्यात घेतली.

मग धुता धुता सांगत होते की त्यांच्या लहानपणी वाड्याच्या मागच्या बोळात पाटीचे संडास होते, सकाळी बाई यायची, ती पाटी डोक्यावर घेऊन जायची, आणि घरातली माणसं ती येण्याच्या वेळेला मागचं दार लावून घ्यायची. तिच्याकडे कुणी बघायचंही नाही. नाना म्हणाले, "मला तिचं नाव आजपण माहीत नाही, आणि रोज यायची ती." एवढं बोलून बराच वेळ गप्प होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ह्याच कामासाठी आयुष्य घालवलं, स्वतः मैला उचलला, कणकवलीच्या गोपुरीत संडासाचे साधे स्वस्त नमुने करून दाखवले, हे शाळेत दोन ओळीत वाचलं होतं. पण त्या दिवशी अंगणात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा तो बोळ माझ्यासमोर उभा राहिला. तेव्हापासून मला ही कॅसेट वाहून न्यायची लाज वाटत नाही, आणि मुलीलाही मी हे काम शिकवलंय. आधी मी साइटवर पहाटे कुणी उठायच्या आत जायचे, आता नाश्ता करून जाते.

तर आता काय काय करते ते.

शेवटच्या ट्रिपच्या शेवटच्या सकाळी साइटवरच कॅसेट रिकामी करायची, ती टाकायची जागा म्हणजे एल्सन पॉइंट. (एल्सन हे मुळात कंपनीचं नाव, दुसऱ्या महायुद्धात इथल्या बॉम्बर विमानांमध्येसुद्धा एल्सनचे संडास असायचे, आता ते नाव त्या जागेलाच पडलंय.) ओतताना हवेचं बटण दाबून धरा नाहीतर गटगट करत उडतं, आणि बटण दाबायचं ते कॅसेट तिरकी करून तोंड खाली आल्यावरच. मग तीनदा हिसळा, दर वेळी अर्धी भरून, झाकण लावून, ब्लेड बंद आहे ना बघून चांगली हलवा. साइटवर सेप्टिक टँक असेल, शेतावरच्या लहान साइटवर बरेचदा असतो, तर कॅसेटमध्ये घालतात ते निळं केमिकल तिथे ओतू नका, त्याने टँकमधले जिवाणू मरतात, तिथे हिरवंच वापरायचं. हे ट्रिपच्या आधी ठरवायचं, ओतताना नाही.

निघायच्या आधी फ्लशची टाकी. आधी बटण दाबून दाबून जेवढं जाईल तेवढं घालवा, पण पंप कोरडा फिरायला लागल्याचा आवाज आला की थांबा, पाणी असताना तो दबका घुर्र करतो आणि पाणी संपलं की आवाज एकदम पातळ, चिरका होतो. आता सगळं गेलं असं वाटतं पण गेलेलं नसतं. आमच्या मॉडेलला बाहेरच्या दाराच्या आत, कॅसेटच्या शेजारी एक नळी आहे, तिच्या टोकाला बूच, ती नळी ओढून खाली वाकवून बूच काढलं की उरलेलं पाणी येतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा रिकामी समजलेल्या टाकीतून चांगलं दोन तांबे पाणी निघालं. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर नळी दुसरीकडे असेल, काही कॅरव्हॅनमध्ये फ्लशचं पाणी मुख्य टाकीतूनच येतं, मग तिथे सगळी लाइनच रिकामी करावी लागते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते बघा. बूच मी परत लावत नाही, नळीला अडकवून लोंबतं ठेवते. बाकीचे नळ पण उघडे ठेवायचे, गरम-थंड एकच दांडा असेल तर दांडा मधोमध, गीझरचा ड्रेन उघडा, शॉवरची नळी खाली टाकलेली.

पंपाच्या तळाशी घोटभर पाणी तरीही राहतंच, म्हणून सगळं झाल्यावर परत एकदा बटण दोन सेकंद दाबते, मग कॅरव्हॅनचं एका बाजूचं चाक जरा चढावर घेऊन नळीच्या दिशेने कल देते आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवते. कुणी म्हणतं अँटीफ्रीझ ओता. गाडीच्या रेडिएटरचं तर चुकूनसुद्धा नको, ते विषारी असतं. कॅरव्हॅनसाठी वेगळं, बिनविषारी मिळतं, पण टाकी खरंच कोरडी केली असेल तर मला त्याची कधी गरज लागली नाही.

घरी आल्यावर कॅसेट. हे खरं काम.

बादलीत पाच लिटर कोमट पाणी, उकळतं नाही, प्लास्टिक वाकतं, त्यात तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व, नीट विरघळवून कॅसेटमध्ये ओतायचं. दुकानात कॅसेट साफ करायचं तयार लिक्विड मिळतं, तेही चांगलं असतं, पण आमच्याकडच्या जड पाण्याच्या पुटांना हे छान लागू पडतं. मग कॅसेट चारी बाजूंनी उलटीपालटी करायची, अर्धा तास एका कुशीवर, अर्धा तास दुसऱ्या, आणि रात्रभर सपाट. सकाळी ओतलं की त्यात पिवळट-करडे पापुद्रे निघतात, ते बघून दर वर्षी वाटतं एवढं होतं आत? मग साध्या पाण्याने तीन-चार वेळा, शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. वास आला तर परत. आधी निळं केमिकल वापरलेलं असतं त्यामुळे आदल्या दिवशी नीट हिसळून झालेलं असलं पाहिजे, आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, ह्यात ब्लीच अजिबात घालू नका. एक तर ब्लीचने रबर खराब होतं, आणि दुसरं म्हणजे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हे दोन डबे मी एका कपाटातसुद्धा ठेवत नाही.

आता सील. ब्लेडच्या वरचं झाकण काढून, जुन्या मऊ टूथब्रशने ब्लेडच्या कडा आणि सीलच्या खाचा साफ करायच्या, घासायचं नाही, चोळायचं. नाना टूथब्रश वापरत नव्हते, त्यांनी करंगळीला ओलं फडकं गुंडाळलं आणि ती करंगळी सीलच्या आतल्या कडेवरून गोल फिरवत नेली, अगदी हळू, दोनदा थांबले, परत मागे आले, आणि म्हणाले, "इथं बघ, इथं कडक लागतंय." मी बोट लावलं. बाकी सगळं रबर कानाच्या पाळीसारखं मऊ आणि त्या एका इंचभर जागेत जुन्या खोडरबरासारखं. डोळ्याला काहीच फरक दिसत नव्हता. "एवढ्यातनंच गळणार हे," म्हणाले. ती जागा बरोबर समोरची होती जिथे ब्लेड बंद झाल्यावर टेकतं. सील त्याच दिवशी बदललं. तेव्हापासून मी पण करंगळीनेच बघते, ग्लोव्हज न घालता, धुऊन झाल्यावर. ग्लोव्हजमधून ते कळत नाही.

कोरडं झालं की सिलिकॉन स्प्रे किंवा टॉयलेटच्या सीलसाठी मिळतो तो स्प्रे, थोडासा, ब्लेडवर आणि सीलवर, आणि ब्लेड चार-पाच वेळा उघडबंद करायचं. व्हॅसलीन नको. मी सुरुवातीला व्हॅसलीनच लावायचे, आपल्याकडे सगळ्यालाच लावतात तसं, पण पेट्रोलियमच्या वस्तूंनी अशी रबरं फुगतात, सैल पडतात. ओतायच्या तोंडाच्या झाकणात एक गोल रिंग असते आणि हवेच्या बटणाला पण रबर असतं, त्यांनाही एकेक थेंब, ह्यांना सगळे विसरतात.

मग सुकवणं, आणि मला विचाराल तर अख्ख्या कामात हेच सगळ्यात महत्त्वाचं. कॅसेट गॅरेजमध्ये दोन विटांवर, तोंड खाली, झाकण काढलेलं, ब्लेड सताड उघडं. दोन दिवस. रेडिएटरला टेकवून नाही, उन्हात नाही, नुसती हवा लागली पाहिजे. ओल राहिली की आत बुरशी धरते आणि मग मार्चमध्ये जो कुबट वास येतो तो कुठल्याही केमिकलने जात नाही, मे उजाडतो तो जायला. सुकल्यावर सुद्धा झाकण लावायचं नाही आणि ब्लेड बंद करायचं नाही. ब्लेड उघडं राहिलं की रबरावर दाब नाही, चिकटायला काही नाही. आता ब्लेड उघडं असलं की कॅसेट कॅरव्हॅनमध्ये बसत नाही, म्हणूनच आमची कॅसेट हिवाळाभर घरी असते, गॅरेजच्या फळीवर, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबरबँडने बांधलेला, म्हणजे हवा जाते पण कोळी जात नाहीत. आणि कॅसेट नसलेली कॅरव्हॅन कुणी चुकून वापरतही नाही.

कॅरव्हॅनमधलं भांडं साध्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, किचनचे स्ट्राँग क्लीनर नकोत, त्याने भांड्याची चकाकी जाते आणि मग डाग धरायला लागतात. टॉयलेट रोल घरी आणा, एक तर ओल शोषतो आणि उंदरांना घरटं करायला तोच आवडतो. आमच्या यार्डाच्या बाजूला शेत आहे, पहिल्या वर्षी अर्ध्या रोलचा भुगा मिळाला होता. बाथरूमचं दार उघडं, ते आपोआप बंद होऊ नये म्हणून खाली चप्पल अडकवते. छतातलं हवेचं भोक झाकायचं नाही, थंडी येते म्हणून लोक तिथे कपडा कोंबतात, तसं केलं की आतली ओल आतच राहते.

जानेवारीत एकदा जाऊन दार उघडून वास घेऊन येते, दहा मिनिटांचं काम. आणि त्याच दिवशी घरी येऊन कॅसेटचं ब्लेड दोनदा उघडबंद करते आणि परत उघडं ठेवते.

उघडायचा दिवस पाडव्याच्या आसपास. घरी गुढी उभारली की त्याच आठवड्यात कॅरव्हॅन. फ्लशच्या टाकीचं बूच लावून थोडंच पाणी भरायचं आणि नळीच्या जोडांशी हात फिरवून बघायचं. मग कॅसेट बसवून, ब्लेड बंद करून भांड्यात दोन तांबे पाणी ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी तेवढंच असलं तर सील चांगलं. कमी झालं असेल तर कॅसेट बाहेर ओढायच्या आधी उरलेलं पाणी ब्लेड उघडून खाली सोडा आणि परत बंद करा, नाहीतर ते सगळं आतल्या कप्प्यात सांडतं.

नाना परत गेले त्याला आता बरेच दिवस झाले, पण थंडी सुरू झाली की व्हिडिओ कॉलवर पहिलं हेच विचारतात, कॅसेटचं तोंड उघडं ठेवलंय ना. काल मी फोन गॅरेजमध्ये नेऊन विटांवरची कॅसेट दाखवली तर म्हणाले, "जरा जवळ घे, ते रबर दाखव." मग म्हणाले, "उजवीकडून फिरव बोट." फिरवलं. त्यांनी नुसत्या माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. डावीकडच्या कोपऱ्यात परत थोडं कडक लागायला लागलंय, दोन वर्षं झाली त्या सीलला. "हिवाळ्यात नको बदलू, नवं रबर पाच महिने नुसतं पडून राहील, मार्चमध्ये घाल," म्हणाले. तेव्हा फळीवर कॅसेटच्या शेजारी चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, पाडव्याच्या आधी सील आणणे, आणि मॉडेलचा नंबर खाली लिहिलाय.